टोपलीखालचं मांजर

सांगलीत गणपती पेठेच्या तोंडाशी उभं राहून कुणालाही कुठलाही पत्ता विचारावा. विचारलेल्याला तो ठाऊक असेलच असं नाही, पण तो सांगणार हे नक्की. "असं सरळ जावा. पुढं एक वडाचं झाड होतं, ते तोडलंय, तिथनं डावीकडं." तेवढ्यात शेजारच्या पानपट्टीवरचे दुसरे एक गृहस्थ तोंडातला रस सांभाळत, हनुवटीनेच उजवीकडची दिशा दाखवतात. मग ते वडाचं झाड नक्की कुठल्या साली तोडलं यावर दोघांची जुंपते आणि पत्ता विचारणारा हळूच गाडी ढकलत पुढे जाऊन तिसऱ्याला गाठतो. हे सांगलीतच घडतं असं नाही. नागपुरात घडतं, नाशकात घडतं, पुण्यात जरा उपहासाने घडतं. एवढ्या सगळ्या संवादात एक वाक्य मात्र कुठेच कानावर पडत नाही. "मला माहीत नाही."

हा गुण अंगी मुरलेला माणूस अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या चँडलरला पोचला की त्याची पहिली पंचाईत अशी होते, की पत्ता विचारणारंच कुणी नाही. गाव फिनिक्सच्या आग्नेयेला, सपाट वाळवंटात, पट्टीने आखल्यासारखं. मोठे रस्ते एकमेकांपासून मैल-मैल अंतरावर. पश्चिमेकडून निघालं की डॉब्सन रोड, मग अल्मा स्कूल रोड, मग ॲरिझोना ॲव्हेन्यू, मग मॅक्वीन, मग कूपर. हरवायचं ठरवलं तरी हरवता येत नाही. त्यात उन्हाळ्यात फुटपाथवर चिटपाखरू नसतं. २०२४ साली फिनिक्सला सलग ११३ दिवस दुपारचा पारा रोज १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास ३८ सेल्सिअसला, पोचत किंवा ओलांडत होता. अशा उन्हात पत्ता सांगायला जो बाहेर उभा राहील त्याचाच पत्ता घरच्यांना शोधावा लागेल.

चँडलरला इंटेलचे चिपा बनवायचे कारखाने आहेत. त्यामुळे तिथे मराठी इंजिनिअर आहेत, त्यामुळे मराठी नातवंडं आहेत, आणि त्यामुळे सहा-सहा महिन्यांच्या मुक्कामाला येणारे मराठी आजी-आजोबा आहेत. या लेखातले आबा त्यांच्यापैकी कुणी एक नव्हेत. हवामान खातं जशी पावसाची सरासरी काढतं, तशी ही आजोबांची काढलेली सरासरी आहे. तर हे सरासरी आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती फूट, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, ते पाणी गावात कधी पोचणार, हे विचारायला अर्धी गल्ली त्यांच्याकडे येई. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे त्यांना नातवाच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ. २०१९ साली पाणी पन्नाशी ओलांडणार नाही असं त्यांनी गल्लीला लिहून दिलं होतं. पाणी ५७ फुटांवर गेलं. या विषयावर आबा फारसं बोलत नाहीत.

त्यांच्याजवळ एक डायरी असते. खात्यातली सवय. तारीख, तपशील आणि उजवीकडे शेरा, असे तीन रकाने हाताने आखलेले. खात्यात तीस वर्षं वरून माहिती मागवली जायची आणि सांगण्यासारखं काही नसलं की त्या रकान्यात एक शब्द लिहून कागद पुढे सरकायचा. 'निरंक'. मराठी सरकारी भाषेतला हा सगळ्यांत निवांत शब्द. घरगुती आयुष्यात मात्र आबांनी तो कधी वापरला नव्हता.

चँडलरमध्ये पहिला धक्का सुनेने दिला. ती फॅबमध्ये, म्हणजे त्या चिपांच्या कारखान्यात, कामाला. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवून आत जावं लागतं, त्याला बनी सूट म्हणतात, म्हणजे सशाचं सोंग. "अगं, पण तुम्ही आत करता काय नेमकं?" आबांनी एका रविवारी विचारलं. तिने सांगायला सुरुवात केली. चिप तयार व्हायला शेकडो पायऱ्या. एका कारखान्यात सगळं जमून आलं, चांगल्या चिपा भराभर निघायला लागल्या, म्हणून तीच यंत्रं, तीच रसायनं घेऊन दुसरा कारखाना काढावा, तर तिथे खराब चिपांचा ढीग. का, ते कळत नाही. नळी वीतभर जास्त लांब होती म्हणून? तिला एक वळण जास्त होतं म्हणून? हवेच्या दाबामुळे? एकेका शंकेचा पाठपुरावा करायचा तर तोवर ती चिप जुनी होऊन बाजारातून गेलेली असेल. म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांत इंटेलने एक धोरण पक्कं केलं. नाव 'कॉपी एक्झॅक्टली'. पहिल्या कारखान्यात जे जसं आहे ते दुसऱ्यात तसंच्या तसं करायचं. नळी तेवढीच, वळणं तेवढीच. काही बदलायचं असेल तर आधी पुरावा आणा, समितीपुढे मांडा, मग सगळीकडे एकदम बदलू. हे धोरण आणणारे क्रेग बॅरेट, जे पुढे कंपनीचे प्रमुख झाले, त्यांना ही कल्पना मॅकडॉनल्ड्सचे बटाट्याचे तळलेले काप कुठेही खाल्ले तरी सारखेच लागतात त्यावरून सुचली, असं सांगतात.

आबांचा चेहरा उजळला. कारण त्यांच्याकडे एक हुकमी गोष्ट होती. एका घरी श्राद्धाच्या दिवशी मांजर मध्ये मध्ये करायचं, म्हणून यजमान त्याला टोपलीखाली झाकून ठेवत. यजमान गेले, मांजरही गेलं. पुढे मुलगा श्राद्धाला बसायच्या आधी गावभर माणूस पिटाळायचा, मांजर मिळतंय का बघ, टोपली तयार आहे. ही गोष्ट आबांनी लग्नात सासुरवाडीला सांगितली होती, वास्तुशांतीत भटजींना सांगितली होती, आणि सत्यनारायणाला दरवर्षी आजींना सांगत होते. ती त्यांनी सुनेलाही सांगितली.

"तेच की, बाबा," सून म्हणाली. "आमच्याकडे ते मांजर सांभाळायचा पगार देतात."

आबांचा चहा त्या दिवशी गार झाला. श्राद्धवाल्या मुलाला आपल्याला कारण माहीत नाही हेच माहीत नव्हतं. फॅबवाल्यांनी ते नियमावलीत लिहून ठेवलंय, आणि त्या अज्ञानाच्या पायावर अब्जावधी डॉलर्सचा डोलारा उभा केलाय. आबांनी रात्री डायरी काढली. तपशील : वळणाने फरक पडतो का? शेरा : निरंक.

पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, आबा कन्सॉलिडेटेड कॅनॉलच्या काठाने फिरायला जातात. कालवा बघितला की माहेरी आल्यासारखं वाटतं. हा कालवा ज्यांच्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काढला, त्या डॉक्टर अलेक्झांडर जॉन चँडलर यांचंच नाव गावाला आहे. डॉक्टर म्हणजे गुरांचे. मूळचे कॅनडाचे हे गृहस्थ १८८७ साली ॲरिझोना प्रांताचे पहिले सरकारी पशुवैद्य म्हणून आले. दुष्काळात गुरं पटापट मरत होती. डॉक्टरांनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली, कॅलिफोर्नियाला निघाले, तेवढ्यात पाऊस पडला आणि ते थांबले, अशी कथा आहे. मग जमीन घेतली, १९१२ च्या मे महिन्यात तिचे तुकडे पाडून विकायला काढले, १९१३ ला सॅन मार्कोस हे झोकदार हॉटेल उघडलं. बायकांच्या टोप्यांवर शहामृगाची पिसं लावायची फॅशन होती म्हणून शहामृगं पाळली. फॅशन गेली, शहामृगं राहिली. वाळवंटात आणखी मोठं हॉटेल बांधायचं म्हणून फ्रँक लॉइड राइटसारख्या वास्तुरचनाकाराला बोलावलं. तो १९२९ च्या जानेवारीत सहकाऱ्यांसह येऊन तळ ठोकून बसला, आराखडे झाले, आणि त्याच ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. हॉटेल कागदावरच राहिलं. मंदीत सॅन मार्कोसही डॉक्टरांच्या हातून गेलं.

एवढे अंदाज चुकलेल्या माणसाच्या नावाचं गाव पुढे भरभराटीला आलं ते चिपांमुळे, ज्यांचा डॉक्टरांना वाससुद्धा आला नव्हता. चिपावाल्यांनाही पुढचं सगळं दिसत होतं असं नाही. इंटेलने २०११ मध्ये 'फॅब ४२' जाहीर केला, राष्ट्राध्यक्ष ओबामा स्वतः येऊन बांधकाम बघून गेले, आणि २०१४ मध्ये कंपनीने सांगितलं की इमारत तूर्त रिकामीच ठेवतोय. तिथे प्रत्यक्ष उत्पादन सुरू व्हायला २०२० उजाडलं. "आमच्या खात्यात असते तर मुख्य अभियंता झाले असते," हा आबांचा अभिप्राय डॉक्टरांबद्दल होता की कंपनीबद्दल, ते कळलं नाही.

शहामृगांच्या आठवणीत चँडलरला १९८९ पासून महोत्सव भरतो. शहामृग संकट आलं की वाळूत डोकं खुपसतं, हे जगात सगळ्यांना माहीत आहे. फक्त शहामृगाला माहीत नाही. ते जमिनीवर खड्डा करून घातलेली अंडी चोचीने फिरवत असतं, आणि लांबून बघणारे त्याच्या स्वभावावर निबंध लिहितात.

मग ती विनाचालक गाडी. चँडलर हे वेमो कंपनीच्या अशा गाड्यांचं सुरुवातीचं गाव. पैसे देऊन बसायची सेवा इथे २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि चालकाच्या जागी कुणीही नसलेली गाडी २०२० च्या ऑक्टोबरात सर्वसामान्यांना मिळू लागली. मुलाने आबांना हौसेने फिरवायला नेलं. आबा पुढच्या सीटवर. शेजारी सीट रिकामी आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. आबांनी आयुष्यात कुठल्याही चालकाला मार्गदर्शनाशिवाय सोडलेलं नाही. "हां, आता जरा डावीकडं घ्या. घ्या, घ्या. बस्स." गाडी डावीकडे वळली. आबांनी मागे वळून मुलाकडे पाहिलं, बघितलंस का, अशा नजरेने.

याच गावात २०२१ च्या मे महिन्यात अशीच एक गाडी प्रवाशासह निघाली होती. रस्त्याच्या कामासाठी एका लेनवर नारिंगी शंकू ठेवलेले होते. ते बघून गाडी थबकली. वळायचं कसं, कळेना. दूर बसलेल्या कर्मचाऱ्यांनी सल्ला दिला, तो नेमका चुकला. मदतीला माणूस पाठवला. तो गाडीजवळ पोचतोय तोच गाडीला काय वाटलं कुणास ठाऊक, ती निघून गेली आणि पुढे जाऊन पुन्हा अडकली. प्रवाशाने हा सगळा प्रकार चित्रित केला आणि जगाने पाहिला. लोक हसले. आबांना मात्र गाडीचा पहिला थांबा पटला. सांगलीच्या रिक्षावाल्याने शंकू बाजूला उचलून ठेवले असते, वर पुढच्यांसाठी वाट मोकळी केल्याचं पुण्य घेतलं असतं. कळत नाही म्हणून भर रस्त्यात थांबायला वेगळी छाती लागते. पुढे गाडीने जे केलं ते अगदीच माणसासारखं होतं. समजावायला कुणी आलं की पळायचं.

उन्हाळ्याच्या रात्री चँडलरमधल्या काही घरांच्या मागच्या अंगणात जांभळा उजेड फिरताना दिसतो. अतिनील किरणांचा टॉर्च घेऊन लोक विंचू शोधत असतात. इथल्या अंगणांना सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती असतात आणि त्या भिंतींवर विंचू चढतात. 'बार्क स्कॉर्पिअन' ही जात, बोटाएवढी, फिकट मातकट, अमेरिकेतली सर्वांत विषारी. साध्या उजेडात नाकासमोर असली तरी दिसत नाही. नातवाने एका रात्री आबांचा हात धरून त्यांना भिंतीपाशी नेलं. "आबा, हलू नका हं." टॉर्च लागला. अंधारात, आबांच्या छातीच्या उंचीवर, एक हिरवट-निळी आकृती पेटली. उलटी लटकलेली. नांग्या, आठ पाय, शेपटीचा आकडा, सगळं जत्रेतल्या रेडिअमच्या खेळण्यासारखं लखलख. टॉर्च बंद केला, भिंत पुन्हा नुसती भिंत. पुन्हा लावला, तो आहे तिथेच. नातवाने सलग सात वेळा लावून पाहिला आणि मग विचारलं, "का चमकतो हो?"

आबांकडे उत्तर तयार होतं. भक्ष्याला भुलवायला. पण घरात शिरल्यावर सुनेने फोनवर शोधून सांगितलं की तसं एक मत आहे खरं, पण सिद्ध झालेलं नाही. विंचवाच्या कवचात विशिष्ट रसायनं असतात, त्यांनी तो चमकतो, एवढं ठरलंय. कात टाकलेला विंचू कवच कडक होईपर्यंत चमकत नाही, आणि मेलेला विंचू मात्र चमकतच राहतो. पण या चमकण्याचा त्याला उपयोग काय? कुणी म्हणतं अंगावर किती उजेड पडतोय हे त्याला त्यातून कळतं, म्हणजे दडून बसता येतं. कुणी म्हणतं पूर्वी कधीतरी उन्हापासून बचाव होत असेल, आता नुसती खूण उरली. कुणी म्हणतं काहीच उपयोग नाही. ज्या प्राण्याला बघायला नुसता टॉर्च पुरतो, त्याच्याबद्दल एवढी साधी गोष्ट कुणाला पक्की ठाऊक नाही, हे ऐकून आबांना आधी राग आला. मग, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, जरा हलकं वाटलं. शेरा : निरंक. खात्री केली.

विंचू म्हटलं की मराठी माणसाला एकनाथांचं भारूड आठवतं आणि त्याच्या मागोमाग मांत्रिक. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाने आजवर एकदाही "मला यातलं कळत नाही" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. रोगी वाचला तर मंत्राने, गेला तर उशिरा आणला म्हणून. याच्या उलट माणूस महाराष्ट्राने पाहिला तो महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात तिथे नोकरीला लागले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणसं आणि पोरं दगावत होती, आणि पुस्तकात त्यावर धड उपाय नव्हता. बावस्करांनी पुस्तकात नाही ते नाही असं मानलं आणि रोग्याच्या खाटेजवळ रात्र-रात्र बसून काय होतंय ते लिहायला घेतलं. घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी, रक्तदाब किती, फुप्फुसात पाणी कधी भरलं. १९८२ मध्ये त्यांची ही निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं. आधी जिथे शंभरातले तीस-चाळीस रोगी दगावत, तिथे ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चँडलरच्या विंचवाचं विष वेगळं, त्याच्यावरचं प्रतिविष वेगळं, ते अमेरिकेत २०११ ला मंजूर झालं. पण आबांनी नातवाला भिंतीवरच्या विंचवापेक्षा बिरवाडीच्या डॉक्टरांचीच गोष्ट जास्त वेळ सांगितली, आणि या खेपेला त्यात स्वतःची एक-दोन वाक्यं घातली नाहीत. आजींच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी आबांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

दिवाळीत आबा पुन्हा मूळ पदावर आले. २०२४ ची ती दिवाळी आठवत असेल. लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावर देशभर वाद. भारतात अमावास्या ३१ तारखेच्या दुपारी लागून १ तारखेच्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपत होती. महाराष्ट्रात पंचांगकर्त्यांनी १ नोव्हेंबर धरला. सांगलीहून मित्राने फोन करून बजावलं, एक तारीख, विषय संपला. पण चँडलरचं घड्याळ साडेबारा तास मागे. तिथे हीच अमावास्या ३१ ला पहाटे साडेतीनच्या आत लागली आणि १ तारखेला सूर्य उगवायच्या आधीच संपली. म्हणजे तिथे पूजन ३१ लाच. आणि ३१ ऑक्टोबर म्हणजे हॅलोविन. दारात रांगोळी आणि पणत्या, शेजारच्या दारात लोंबता सांगाडा. आत आबा लक्ष्मीचं आवाहन करतायत, बाहेर बेल वाजली, दारात तीन फुटांची चेटकीण, एक सुळेवाला राक्षस आणि एक बटाटा. बटाट्याने करंजी नीट उलटसुलट करून पाहिली आणि पिशवीत टाकली. "मग खरा दिवस कुठला?" आबांनी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही. चंद्र एकच आहे आबा, उजाडायची वेळ वेगळी." खरं एकच असतं या समजावर आबांनी तीस वर्षं मोजमाप-वह्या भरल्या होत्या. त्यांनी मुकाट्याने दुसऱ्या बटाट्यासाठी करंज्या काढून ठेवल्या.

कासा ग्रांदेला जायचं नोव्हेंबरवर ढकललं होतं, कारण त्याआधी तिथे उभं राहणं हा आत्मछळ. चँडलरपासून तासाभराच्या आत कूलिजला ही जुनी इमारत आहे. इसवी सन १३५० च्या आसपासची, चार मजली, चुनखडीमिश्रित मातीची. १८९२ साली अमेरिकन सरकारने ही जागा राखीव केली, जुने अवशेष म्हणून सरकारी संरक्षण मिळालेली देशातली ही पहिलीच. आता तिच्या डोक्यावर १९३२ साली उभारलेलं पोलादी छप्पर आहे, त्यामुळे लांबून एखाद्या म्हाताऱ्या बाईंवर कुणी छत्री धरल्यासारखं दिसतं. वरच्या भिंतीतल्या एका भोकातून उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशीचा मावळता सूर्य दिसतो. बांधणाऱ्यांनी सॉल्ट आणि हिला नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो मैल कालवे खणले होते. लोखंड नाही, चाक नाही, ओझ्याला जनावर नाही. लाकडाची आणि दगडाची हत्यारं. आणि उतार असा नेमका, की पाणी फार पळतही नाही आणि साचतही नाही. आधुनिक काळातल्या काही कालव्यांनी सरळ त्यांचीच वाट धरली.

आबा कालव्यापाशी वीस मिनिटं उकिडवे बसले. "लेव्हल कशाने काढली असेल?" कुणाला माहीत नाही. ही एवढी इमारत कशासाठी? राहायला, धान्य ठेवायला, तारे बघायला, सत्ता दाखवायला? राष्ट्रीय उद्यानवालेच सांगतात की नक्की माहीत नाही. १४५० च्या सुमाराला लोक ही वस्ती सोडून गेले. का? पूर, अवर्षण, जमिनीत साठलेले क्षार, आपसातली भांडणं, तर्क बरेच आहेत. त्यांचे वारस, ओओधाम लोक, चँडलरला लागूनच राहतात आणि त्यांच्या परंपरेत या घराच्या स्वतःच्या कथा आहेत. पुरातत्त्ववाल्यांकडे तेवढ्याही नाहीत. सरकारी गणवेशातल्या बाईंनी हे सगळं हसतमुखाने सांगितलं. आबांनी त्यांना दोनदा खोदून विचारलं, "पण तुमचं स्वतःचं मत काय?" बाईंनी खांदे उडवले. त्यांच्या पगारात त्यामुळे काही कपात होत असावी असं दिसलं नाही.

गाडीत आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडं असतं तर पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणून कधीच मिटलं असतं."

यात अतिशयोक्ती नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या भिंतींवर सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या काळातले ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. गौतमी बलश्रीने काय दिलं, उषवदाताने काय दिलं, सगळं दगडावर लिहिलेलं. ती लिपी वाचता येईनाशी झाली तेव्हा लोकांनी "वाचता येत नाही" असं न म्हणता लेण्यांचं नाव पांडवलेणी ठेवलं. जे पांडवांना देता आलं नाही ते हेमाडपंतांना दिलं. हेमाडपंत तेराव्या शतकातले, यादवांचे मंत्री, पण त्यांच्या जन्माआधी बांधलेली कितीतरी काळ्या दगडांची देवळं आज गावोगावी हेमाडपंती म्हणून ओळखली जातात. वास्तविक ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली असा प्रश्न विचारतं आणि वरून बघणाऱ्यालाही कदाचित हे माहीत नसेल, अशा शंकेवर येऊन थांबतं. एवढी मोकळीक ज्यांना वारशात मिळाली, त्यांनी पानपट्टीपाशी उभं राहून वडाच्या झाडाचा पत्ता ठोकून द्यावा, याला काय म्हणायचं?

मुक्काम संपत आला तसे आबा एका नव्या छंदाला लागले होते. हवामानाचा अंदाज. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून पावसाचा अंदाज टक्क्यांत सांगतात. चाळीस टक्के म्हणजे तुमच्या ठिकाणी पाऊस पडायची शक्यता शंभरात चाळीस. ॲलन मर्फी आणि रॉबर्ट विंकलर यांनी सत्तरच्या दशकात या अंदाजांचा हिशेब तपासला होता. हवामानवाले जेव्हा तीस टक्के म्हणत, अशा शंभर दिवसांपैकी साधारण तीस दिवस पाऊस खरंच पडत असे. म्हणजे आपल्याला किती माहीत नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं. आबांनी डायरीत नवीन रकाना आखला आणि स्वतःचेही अंदाज टक्क्यांत मांडू लागले. भाजीत मीठ कमी असण्याची शक्यता, वीस. आजींना ते कळलं. त्यानंतर त्या रकान्यात नोंद नाही.

या प्रांतात पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात. पूर्वी फिनिक्सला हवेतला दवबिंदू सलग तीन दिवस ५५ अंश फॅरनहाइट किंवा त्याच्या वर राहिला की मान्सून आला असं धरत. २००८ पासून हवामान खात्याने ती कटकटच मिटवली. १५ जून ते ३० सप्टेंबर मान्सून, मग थेंब पडो न पडो. आबांना ही पद्धत अतिशय सरकारी आणि म्हणून अतिशय समजूतदार वाटली.

ॲरिझोनात घड्याळं उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे सांगलीशी असलेलं साडेबारा तासांचं अंतर बारा महिने तेवढंच राहतं. आबांनी संध्याकाळी साडेसातला फोन लावला की तिकडे सकाळचे आठ, आणि मित्र गणपती पेठेत चहा घेऊन पानपट्टीशी उभा. निघायच्या आठवड्यात, आभाळ भरून आलेलं असताना, असाच फोन लागला.

"पाऊस हाय का तिकडं?"

"आज रात्री चाळीस टक्के."

"म्हंजे पडणार का न्हाई?"

"ते निरंक."

"अरे काय निरंक? तीस वर्षं पाण्यात काढलीस, पडणार का न्हाई एवढं सांगता येईना?"

"न्हाई येत," आबा म्हणाले. आवाजात कसलीही खंत नव्हती. "खिडकीत खुर्ची टाकून बसलोय. बघू."

मित्र वैतागला. "थांब," म्हणाला. फोन कानावरून बाजूला गेला, गाड्यांचे हॉर्न, कुणाचं तरी खाकरणं, मग त्याचा मोठ्याने आवाज, "काय हो, अमेरिकेत चँडलर म्हणून गाव हाय, तिथं आज पाऊस पडंल का?"

क्षणभरही मध्ये गेला नाही. रस सांभाळत बोलणारा एक खर्जातला आवाज आला.

"पडंल की. बारानंतर."